पळसाचा पिवळा

फाल्गुन लागला की आमच्या मागच्या गॅलरीत तीन बादल्या येऊन बसतात. एकीत पिंपळाची गळलेली पानं भिजत घातलेली, दुसरीत शाळेतून आणलेल्या कागदांचा लगदा, आणि तिसरी रिकामी. ती पळसासाठी राखलेली. पहिल्या बादलीला आठ-दहा दिवसांत वास सुटतो. मग घरचे गॅलरीचं दार लावून घेतात आणि पाहुण्यांपैकी कुणी नाक मुरडायला लागलं तर "हिचं चित्रांचं काहीतरी चाललंय" एवढं सांगून चहाचं विचारतात.

मी पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत चित्रकला शिकवते. बावीस वर्षं झाली. घरी आल्यावर जे करते त्याला मिश्र माध्यम म्हणतात. म्हणजे एकाच फळीवर रंग असतो, कागद असतो, लुगड्याचा तुकडा असतो, कधी पत्रा, कधी दोरा, कधी जाळी झालेलं पान. शेजारच्या काकू त्याला "तुझं ते चिकटवाचिकटवीचं काम" म्हणतात. मी त्यांना कधी दुरुस्त केलेलं नाही, कारण दिवसातला बराचसा वेळ खरंच एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं धरून चिकटवण्यातच जातो.

पाठ्यपुस्तकातल्या वसंत ऋतूच्या चित्रात सगळं हिरवंगार असतं. मुलंही तसंच काढतात, कोपऱ्यात कोकिळा बसवतात. पण फेब्रुवारीच्या शेवटी वेताळ टेकडीवर चढून बघा. पायाखाली पाचोळा चुरचुरतो, गवत जळून काळे पट्टे पडलेले असतात आणि त्या उघड्याबोडक्या टेकडीवर मधेच गणेराचं झाड अंगावर एक पान नसताना तळहाताएवढी पिवळीधमक फुलं घेऊन उभं असतं. वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्पाला (गावाकडे याला उंदीरमारी म्हणतात, आणि मला तेच नाव आवडतं) फिकट गुलाबी झुपके लागलेले असतात. काटेसावरीखाली लाल मांसल फुलांचा सडा असतो. आपल्याकडे पानगळ आणि पालवी एकाच महिन्यात उरकतात. पिंपळ तर आठवड्याभरात दोन्ही करून मोकळा होतो.

शाळेचंही नेमकं तेव्हाच गळायला लागतं. वर्ष संपत येतं. फळ्याशेजारचे तक्ते उतरतात, कपाटं रिकामी होतात, दहावीची परीक्षा सुरू झाली की चित्रकलेचा वर्ग हातातून जातो. भिंतीवर काही नको असा नियम असतो, म्हणून वर्षभर लावलेली चित्रं काढून गठ्ठा बांधायचा, प्रत्येक बाकावर बैठक क्रमांक चिकटवायचे आणि मग त्याच वर्गात पर्यवेक्षक म्हणून तीन तास उभं राहायचं. वाचायचं नाही, बोलायचं नाही, कागदावर पेन्सिल टेकवायची नाही. चित्रकलेच्या शिक्षकाला वर्षभर फलक लिहायचे असतात, प्रमाणपत्रांवर सुंदर अक्षरात नावं घालायची असतात, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायचा असतो. पण कुणीही हातात काही न देता तीन तास नुसतं बघायला लावावं अशी संधी वर्षातून एवढीच. आमच्या वर्गाच्या खिडकीबाहेर पिंपळ आहे. त्याचं पान सरळ खाली पडत नाही. लांब देठामुळे ते स्वतःभोवती फिरत उतरतं आणि बहुतेक वेळा देठ आधी टेकतो. हे मला एका गणिताच्या पेपरला कळलं.

ती पानं मी गोळा करते. पूर्ण पिवळी झालेली पण अजून मऊ असलेली तेवढी निवडायची. कुरकुरीत झालेली पाण्यात तुटतात. तीन ते चार आठवडे भिजली की पानाचा गर शेवाळासारखा सुटतो. मग ताटात पाणी घेऊन जुन्या टूथब्रशने एकेक पान उलटं-सुलटं हळूच घासायचं. घाई असेल तर धुण्याच्या सोड्यात उकळूनही जाळी मिळते, पण ती ठिसूळ होते. वहीत पिंपळपान ठेवणाऱ्या पिढीला हे सांगायची गरज नाही की ती जाळी मुळात किती चिवट असते.

कागदांची गोष्ट वेगळी. ते निवडायला जास्त अक्कल लागते. मार्चअखेरीस आमचे शिपाई मामा मला बोलावतात. "बाई, तुमची रद्दी बाजूला ठेवलीय. वजन केलं नाही." कोठीच्या खोलीत मग मी फतकल मारून बसते. सरावाच्या उत्तरपत्रिका, भूगोलाचे भरलेले नकाशे, आलेखकागद, प्रयोगवह्या, जुन्या खतावण्यांची जाड निळसर पानं, ब्राउन पेपरची कव्हरं. मुलांची नावं असलेले कोपरे तिथेच फाडून टाकते, कुणाचा नापास पेपर भिंतीवर टांगायचा नसतो. टाचण्या आणि स्टेपल काढायच्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत कागदावर गंजाचा डाग उमटतो. मग थुंकी लावलेलं बोट शाईवर फिरवायचं. जेल पेन लगेच फुटतं, शाईचं पेनही. बॉलपेन तग धरतं. वर्तमानपत्र मी घेतच नाही. त्याच्या लगद्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं आणि उजेडात ते पिवळं, मग तपकिरी, मग चुरा. कोलाज म्हटलं की लोक आधी पेपर फाडायला घेतात, आणि शाळांमधली बहुतेक कोलाजं दिवाळीपर्यंत भाजल्यासारखी दिसायला लागतात ती यामुळे.

पळसाला मात्र शहर सोडून जावं लागतं. तासभर एस्टीने गेलं की एक माळ आहे, तिथे सहा-सात झाडं आहेत. मी झाडाची फुलं तोडत नाही. खाली पडलेली पुरतात, सकाळी लवकर गेलं तर ती अजून मखमली असतात. पोपटाच्या चोचीसारखी पाकळी आणि देठाकडे काळपट टोपी. घरी आल्यावर रात्रभर बसून ती टोपी प्रत्येक फुलाची काढायची, कारण तिच्यामुळे रंग मळतो. पाकळ्या पातेल्यात पाण्यात बुडवून मंद आचेवर अर्धा तास ठेवल्या की काढा नारिंगी-तांबडा होतो, दाट चहासारखा. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, कागद आता तसाच होणार. कागद निघतो फिकट पिवळा.

इथून पुढे सगळा खेळ कागद आधी कशात बुडवला होता यावर आहे. तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद काढ्यात घातला की स्वच्छ पिवळा मिळतो, नुकत्याच उजाडलेल्या उन्हासारखा. चुन्याच्या निवळीत घातला की केशरी. गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये ठेवून केलेलं पाणी फिरवलं तर खाकी. रंगपंचमीला लहानपणी आम्ही जो पळसाचा रंग करायचो त्यात आजी चिमूटभर चुना का टाकायची, ते मला कला महाविद्यालयात शिकताना नव्हे, स्वतः शिक्षिका झाल्यावर कळलं. कागद म्हणाल तर मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा वापरते. सुती चिंध्यांचा कागद आहे, पाण्यात अर्धा तास राहिला तरी उचलताना फाटत नाही.

तर हा तुरटीचा पिवळा. सात-आठ वर्षांपूर्वी मी त्याच्या प्रेमात इतकी होते की त्या वर्षीच्या सगळ्या कामांत तोच होता. त्यातलं एक, दोन फूट बाय तीन फूट, एका परिचित बाईंनी त्यांच्या नव्या घरासाठी घेतलं. पिवळ्या कागदांचे एकावर एक थर, मधे जळक्या दोऱ्याची शिवण, खाली गेरूचा पट्टा. मला मिळालेले ते तोवरचे सगळ्यात जास्त पैसे होते. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "तुम्ही एकदा येऊन बघून जाल का? मला वाटतं त्याला काहीतरी झालंय."

चित्र दिवाणखान्यात होतं, पश्चिमेच्या मोठ्या खिडकीच्या बरोबर समोर. गेरूचा पट्टा जसाच्या तसा. दोऱ्याची शिवण जशीच्या तशी. आणि वरचा सगळा पिवळा गेलेला, शिळ्या भाकरीच्या रंगाचा. मी चित्र घरी आणलं, फ्रेम उकलली, माउंट उचलला. माउंटखाली झाकली गेलेली बोटभर रुंदीची कड चारही बाजूंनी लख्ख पिवळी होती, काल रंगवल्यासारखी. उजेड न लागलेली तेवढीच जागा वाचली होती.

मी त्यांना पैसे परत देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत, दुसरं चित्र करून द्या म्हणाल्या. ते मी पिवडीत केलं. पिवडी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती पिवळी माती, जुन्या घरांच्या भिंतींना चुन्यात कालवून लावायचे ती. माती आहे, उन्हात तिला काही होत नाही. चित्र बघून बाई बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. पण तो पिवळा वेगळा होता हो." त्यांचं बरोबर होतं. पिवडी जमिनीची असते, पळसाचा पिवळा फुलाचा. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

तेव्हापासून दर वर्षी गच्चीवर पट्ट्या लावायला लागले. रंगपंचमीला लावायच्या, अक्षय्य तृतीयेला काढायच्या. फाल्गुन वद्य पंचमी ते वैशाख शुद्ध तृतीया, साधारण सहा आठवडे, आणि तेही पुण्याच्या सगळ्यात कडक उन्हाचे. हातभर लांब कागदाच्या पट्ट्या. प्रत्येकीवर एकच रंग. अर्ध्या भागावर जाड काळा पुठ्ठा, अर्धा भाग उघडा. वर जुन्या फोटोफ्रेमची काच, काचेवर चार विटा. मागच्या बाजूला पेन्सिलीने रंग, तुरटी की चुना, आणि तिथी. पेन्सिलीनेच, कारण ती उडत नाही.

मला वाटत होतं की ही आपली अक्कल. मग वाचनात आलं की १८८८ साली इंग्लंडमध्ये रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांनी जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. त्यांनीही पट्ट्याच रंगवल्या होत्या, काचेच्या नळ्यांत घालून उन्हात ठेवल्या होत्या. त्याच १८८८ साली फ्रान्समधल्या आर्ल गावी व्हॅन गॉग आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढत होता. त्या चित्राच्या भिंती आज निळ्या दिसतात. त्याने त्या जांभळट रंगवल्या होत्या. त्यातला लाल उजेडाने उडून गेला आणि निळा मागे राहिला. आपण सगळे जे चित्र बघून निळ्या भिंतींचं कौतुक करतो ते अर्धवट उडालेलं चित्र आहे. मी मुलांना हे सांगते तेव्हा शेवटच्या बाकावरचेही पुढे वाकतात.

या वर्षी पट्ट्यांमध्ये मुलांना घेतलं. पूर्वी वार्षिक परीक्षा संपल्यावर आठवडाभर शाळेत तसं काही नसायचं. तो आठवडा चित्रकलेच्या शिक्षकांचा. आता परीक्षाच एप्रिलच्या उत्तरार्धात जाऊन पोचतात, त्यामुळे तो गेला. पण आठवीच्या एका तुकडीचे मार्चमधले दोन तास मिळाले. त्यांना सांगितलं, घरून असा रंग आणा जो तुम्हाला पक्का वाटतो. पन्नास मुलांनी काय काय आणलं! हळद, बीट, कॉफी, चहा, पानवाल्याकडचा काथ, जास्वंद, आईची लिपस्टिक, बुटाचं पॉलिश, पेट्रोलपंपावरून मागून आणलेलं काळं तेल. आणि बहुतेकांनी स्केचपेन. एक मुलगा नवाकोरा बारा रंगांचा संच घेऊन आला होता.

"बाई, हे पक्कं आहे. शर्टावर लागलं की जात नाही."

"शर्टावरून पाण्याने जात नाही. उन्हाने जातं का बघू."

"कंपनीचं आहे बाई."

मी काही बोलले नाही. हळदीच्या पट्टीवर मधेच चुन्याचं बोट ओढायला लावलं, तिथे ती क्षणात लालभडक झाली. कुंकू हळदीचंच करतात हे अर्ध्या वर्गाला माहीत नव्हतं. एक मुलगी मात्र म्हणाली, "आमच्याकडे पंढरपूरहून आणतात ते असंच असतं, आजी सांगते." एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मी याच मुलांकडून वर्षभर तांब्या, वांगी आणि घडी पडलेला कपडा काढून घेत असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. ते शिकवायलाच हवं, हात त्यानेच वळतो, आणि दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही खूश असतात. पण रंग ही एक वस्तू आहे, तिला वय असतं, ती म्हातारी होते, हे त्या चारही पेपरांत कुठे येत नाही.

चैत्र लागला की घरचं काम सुरू होतं. पाडव्याला कडुनिंब खाऊन झाला की मी फळी घेते. सहा मिलिमीटरची प्लाय, दोन्ही बाजूंनी प्रायमर. दोन्ही बाजूंनी, कारण एकाच बाजूला ओलं लावलं की पापडासारखी वळते. मग व्हायटिंग पावडर आणि फेविकॉल कालवून केलेली लांबी, रंगाऱ्याच्या पत्र्याच्या पट्टीने ओढायची, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा ओढायची. असे चार थर. रंगारी भिंत गुळगुळीत होईपर्यंत घासतो. मी थोडं आधी थांबते, कागदाला धरायला खरखर लागते.

एप्रिलच्या दुपारी पुण्यात हवेत ओलावा नसतो. पारा चाळिशीला टेकलेला. फेविकॉल फळीवर पसरून कागद उचलेपर्यंत त्याच्यावर साय धरते. मग कागद एका ठिकाणी चिकटतो, दुसऱ्या ठिकाणी फुगा. त्यामुळे या दिवसांत मी पहाटे साडेपाचला उठून आठपर्यंत चिकटवते. कागद आधी मागून पाण्याच्या फवाऱ्याने ओला करायचा, तो पसरून घ्यायचा तेवढा घेऊ द्यायचा आणि मगच डिंकावर टेकवायचा, मधून कडांकडे हवा काढत. कोरडाच लावला तर तो फळीवर पसरायला बघतो आणि सुरकुत्या पडतात. पातळ कागदांना मी अजूनही मैद्याची खळ करते, पुस्तक बांधणारे करतात तशी, चिमूटभर मोरचूद टाकून. मोरचूद विसरले त्या वर्षी पावसाळ्यात कसरीने एक पूर्ण चित्र आतून खाल्लं होतं. वरून रंगाची कातडी शाबूत, बोट लावलं की आत पोकळ.

काटेसावरीचा कापूस एकदा लावून बघितला. एप्रिलमध्ये बोंडं फुटतात, म्हाताऱ्या उडतात तसा तो रस्त्यावर उडत असतो, इतका सुंदर की मोह होतोच. पण त्या तंतूवर मेणासारखं काहीतरी असतं, पाण्यासकट डिंकही घरंगळतो. तीन सकाळी वाया घालवल्या. माझ्या नाकात, चहात, सगळ्या ओल्या रंगात कापूस. फळीवर तेवढा नाही.

या वर्षीच्या फळीवर मला दहावीच्या परीक्षेचा तो वर्ग हवा होता. बाकांचे क्रमांक हवे होते. त्यासाठी झेरॉक्सचा उतारा घेते. झेरॉक्सची काळी शाई म्हणजे खरं तर प्लास्टिकची भुकटी असते. अक्रिलिक मीडियम लावून झेरॉक्स पालथी चिकटवायची, पूर्ण वाळू द्यायची, मग पाण्याने मागून ओली करून बोटाने कागद चोळून चोळून काढायचा. कागदाच्या शेवया निघतात आणि शाई मागे फळीवर राहते. घरच्या प्रिंटरची पातळ शाई यात चालत नाही, ती कागदाबरोबर वाहून जाते. फेविकॉलही नको, तो पाण्याने पांढरा पडून सुटतो. आणि अक्षरं उलटी येतात. मी पहिल्या वेळी आरशाची प्रत काढायला विसरले होते. उलट्या देवनागरीत शिरोरेषा जागेवर राहते पण खालचं काहीच ओळखू येत नाही. आता मुद्दाम तशीच ठेवते. पेपर हातात पडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत मुलांना प्रश्न तसेच दिसत असणार.

तृतीयेला सासूबाई चैत्रगौर बसवतात आणि दारात चैत्रांगण काढतात. गेरूने सारवलेल्या फरशीवर रांगोळी: मधे झोपाळ्यावर गौर, भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र, कासव, नाग, तुळशीवृंदावन, गोपद्मं. वर्षभर माझ्या चित्रांकडे त्या फारसं बघत नाहीत, पण त्या महिनाभर मला हात लावू देत नाहीत. "तुझं कासव फार खरं होतं," म्हणतात. त्यांचं कासव पाच रेघांचं असतं. सकाळी काढायचं, दुपारी कुत्रं त्यावरून जातं, संध्याकाळपर्यंत हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचे पाय लागतात, पन्हं सांडतं, दुसऱ्या दिवशी झाडून पुन्हा नवं. टिकण्याचा प्रश्न त्यांनी मुळातच निकालात काढलेला आहे. मला मात्र विकलेल्या चित्राखाली सही करावी लागते.

आमच्या देवघरात लक्ष्मीची एक तसबीर आहे, माझ्या माहेरच्या आजीकडून आलेली. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या चित्रांसारखीच. तो छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, आणि त्याच्या तसबिरी घरोघर पोचल्या. आजीने, किंवा आजीच्या सासूने, लक्ष्मीच्या साडीवर खरी जर शिवली आहे, मुकुटावर टिकल्या, गळ्यात मण्यांची माळ. अशा सजवलेल्या तसबिरी त्या काळी खूप घरांत केल्या गेल्या. पिकासोने १९१२ साली वेताची वीण छापलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं आणि भोवती खराखुरा दोर गुंडाळला, तिथून पाश्चात्त्य कलेचा इतिहास मिश्र माध्यमाची सुरुवात मोजतो. मोजू दे. माझ्या आजीच्या तसबिरीवर सही नाही, तारीख नाही, एवढाच फरक. या वर्षी ती पुसताना मी पहिल्यांदाच नीट बघितलं: जर काळी पडली आहे, टिकल्यांचा मुलामा गेला आहे, पण मण्यांच्या माळेखाली, जिथे शंभर वर्षं सावली होती, तिथे लक्ष्मीचा गळा अजून गुलाबी आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वळवाने घात केला. दुपारी चारला आभाळ भरून आलं आणि मी शाळेत. फोन करून मुलाला गच्चीवर पळवलं. त्याने विटा बाजूला करून काचेसकट सगळं उचलून जिन्यात आणलं. दोन पट्ट्या भिजल्या, बाकीच्या वाचल्या. "आई, तुझे पापड आणले आत," एवढाच त्याचा निरोप.

अक्षय्य तृतीयेला सकाळी पुठ्ठे काढले. शाळा बंद व्हायच्या आधीची शेवटची संधी म्हणून आठवीतली सात-आठ मुलं घरी आली होती; आंब्याची डाळ आणि पन्हं मिळणार हेही त्यांना माहीत होतं. हळद आधी उघडली. झाकलेला भाग पिवळा, उघडा भाग पांढरा, मधे पट्टीने आखल्यासारखी रेघ. मुलांच्या तोंडून आवाजच निघाला. जास्वंद गेली होती, बीट गेलं होतं. चहा थोडा उतरला होता. काथ, गेरू, पिवडी, बुटाचं पॉलिश: रेघ शोधूनही सापडली नाही. साक्षीला म्हणून लावलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्याचं उलटं झालं होतं. झाकलेला भाग पांढरा आणि उघडा पिवळा. "बाई, याला रंग आला!" स्केचपेनवाल्या मुलाने आपली पट्टी स्वतः उघडली. बारांपैकी काळा आणि तपकिरी ओळखू येत होते. गुलाबी आणि जांभळा मुळात होते हे फक्त पुठ्ठ्याखालून कळत होतं. तो बराच वेळ पट्टी उन्हाकडे धरून बघत राहिला, मग म्हणाला, "आणि मी आमच्या ताईच्या लग्नाच्या पत्रिकेचं चित्र यानेच काढलंय."

"कुठे लावलंय?"

"फ्रिजवर. समोर खिडकी आहे."

"आज घरी गेल्यावर फाईलमध्ये ठेव."

पळस-तुरटीची पट्टी मी शेवटी उघडली. निम्मा पिवळा गेला होता. पळस-चुन्याचा केशरी बिस्किटाच्या रंगावर आला होता. गेली सात वर्षं हेच होतंय, कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त. तरीही या वर्षीच्या फळीवर, बाकांच्या उलट्या आकड्यांच्या मागे, खिडकीच्या जागी मी तोच पिवळा लावला आहे. आणि फळीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं आहे: पळस, तुरटी, हातकागद, उन्हात टांगू नये, हा रंग कमी होत जाईल. घेणाऱ्याला हे वाचून घ्यायचं असेल तर घ्यावं. त्या पश्चिमेच्या खिडकीवाल्या बाईंना फोन करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मी येते बघायला. आमच्या जिन्यात एक भिंत आहे, तिथे कधीच ऊन येत नाही."

तुमच्या घरी आजीच्या हातची जर लावलेली तसबीर, हाताने रंगवलेला फोटो किंवा मुलाने स्केचपेनने काढलेलं पहिलं चित्र खिडकीसमोर टांगलेलं असेल, तर आजच काढून समोरच्या नव्हे, खिडकीच्याच भिंतीवर लावा. आणि उतरवताना फ्रेमच्या कडेखाली एकदा डोकावून बघा, मूळ रंग अजून तिथे असेल.